एकट्याचा ताल

एकट्याने गाणाऱ्या माणसाला ताल कोणी धरावा, हा प्रश्न वरवर पाहता फार लहान आहे. ज्याला गायचे आहे त्याने बाजारात जावे, खिशाला परवडेल असे तालयंत्र घ्यावे, बटण दाबावे आणि गावे. यात विचार करण्यासारखे ते काय? अशा बाबतीत विचार करीत उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार दयेनेच पाहतो. परंतु काही प्रश्न दिवाळीतल्या करंज्यांसारखे असतात. ताटात साऱ्या सारख्याच दिसतात. कोणत्या घरच्या करंजीत काय भरले आहे, ते मोडल्याशिवाय कळत नाही. हा प्रश्न मी थोडा मोडून पाहणार आहे.

असा एकटा गाणारा आज गावोगाव दिसतो. हमरस्त्यावरच्या हॉटेलात संध्याकाळी एका कोपऱ्यात तो बसलेला असतो. लग्नाच्या कार्यालयात पंगती उठत असताना तो भावगीते गातो. गणपतीत, नवरात्रात, वाढदिवसाला, साठी-शांतीला त्याला बोलावणे येते. मोठ्या शहरांतून दिवाळी पहाटेचे कार्यक्रम होतात, तेथे गायकाच्या भोवती पाच-सात वादक बसतात. लहान गावातल्या देवळापुढे तीच पहाट एका गायकावर आणि एका डबीवर भागविली जाते. त्या डबीतून तबला ऐकू येतो. तबलजी मात्र कोठेच दिसत नाही.

मी काही गवई नव्हे. शाळेच्या प्रार्थनेला पेटीवर सूर धरावा, इतपतच माझे संगीत. तरीही माझा एक जुना विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. तो पेटी वाजवून गातो. भजने, नाट्यपदे, भावगीते अशी सारी मेजवानी त्याच्यापाशी आहे. पोटापुरते मिळते. त्याच्याबरोबर गेली दहा वर्षे शेजारचे एक वयस्क गृहस्थ तबल्याला बसत असत. तो त्यांना काका म्हणतो. आता बोलावणारे म्हणू लागले, “तुम्ही एकटेच या, यंत्रावर करा.” एका माणसाचीच बिदागी मिळणार. त्यातून दोघांचे जाणे-येणे करून उरणार काय? त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर चार-पाच यंत्रांची नावे आणि पुढे किमती लिहिलेल्या होत्या.

“गुरुजी, यातलं कुठलं घेऊ?” त्याने विचारले. मी कागद पाहत होतो, तोवर खाली मान घालून त्याने दुसरे वाक्य उच्चारले, “आणि घेतलं, तर काकांना काय सांगू?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदारालाही देता आले असते. दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याला अर्थ नव्हता.

एकट्याने गाणे ही आजची गोष्ट नव्हे. आपल्याकडचा वासुदेव घ्या. पहाटेच्या अंधारात डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी घालून तो दारी येई. एका हातात चिपळ्या, दुसऱ्यात टाळ, पायात घुंगरू, कमरेला पावा. त्याला ना तबलजी, ना पेटीवाला. त्याचा सगळा ठेका त्याच्या अंगावरच असे. गिरकी घेतली की घुंगरांचा बोल बदले; दान पडले की नाव घेण्यासाठी चिपळ्या क्षणभर थांबत. तो दमला की त्याचा तालही दमत असे. आजच्या भाषेत बोलायचे तर एकट्या कलावंताचे तालसाहित्य त्याने शेकडो वर्षांपूर्वीच निवडले होते, आणि फार शहाणपणाने निवडले होते. कारण त्याचा ताल त्याच्यापासून वेगळा काढताच येत नसे. तो एकटा होता खरा. परंतु त्याच्या गाण्यात दुसऱ्या माणसाची जागा रिकामी पडलेली नव्हती.

बैठकीच्या गाण्याची गोष्ट निराळी. तेथे दुसऱ्या माणसाची जागा मुळातच राखलेली असते. तिला आपण साथ म्हणतो. हा शब्द आपण संकटात, संसारात आणि संगीतात सारखाच वापरतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विलंबित एकताल चालू आहे, मिनिटाला बारा मात्रांची लय आहे, असे समजा. शाळेतल्या मुलालाही गणित करता येईल : एक मात्रा पाच सेकंदांची, बारा मात्रांचे आवर्तन पुरे एका मिनिटाचे. त्या मिनिटात गवई आलापीत हरवतो आणि समेवर येताना केसभर मागे पडतो. तबलजी ते त्याच्या श्वासावरून ओळखतो. शेवटच्या दोन मात्रांत तो बोल असे भरतो की, सम त्याच्याकडे आपण होऊन चालत आली असे वाटावे. श्रोते “वाहवा” गवयाला देतात. गवई मात्र मान तबलजीकडे वळवितो.

कीर्तनात हे आणखी स्पष्ट दिसते. बुवा आख्यान रंगात आणतात. पद चालू असताना एकाएकी थांबून हलक्या आवाजात बोलू लागतात. त्या क्षणी तबला थांबला पाहिजे. कोणी खूण करीत नाही. साथीदार बुवांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून असतो. तेथे यंत्र ठेवले तर अभिमन्यू रणात पडला तरी डबी आपली “धा धिं धिं धा” म्हणतच राहील. तिचा त्यात काही अपराध नाही. तिला अभिमन्यू माहीत नाही, आणि तिच्या समोरचे बुवाही माहीत नाहीत.

अशा यंत्राची कथा मात्र मनोरंजक आहे. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९५९ साली एक लाकडी कपाटासारखे यंत्र विकावयास काढले. आत मोटरीने फिरणारी चकती, त्या चकतीवर विजेचे स्पर्शबिंदू, आणि आवाज काढण्यासाठी निर्वात नळ्या. ऑर्गन वाजविणाऱ्या एकट्या माणसाने ते शेजारी ठेवावे, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट अशा बारा ठेक्यांतून एक निवडावा आणि वाजवावे. बाजारात रीतसर विकले गेलेले पहिले तालयंत्र ते हेच, असे मानतात. त्याचे नाव ठेवले होते ‘साइड मॅन’. पाश्चात्त्य वादकांच्या बोलीत या शब्दाचा अर्थ साथीदार. करणाऱ्यांनी त्याला ढोल म्हटले नाही, घड्याळ म्हटले नाही. थेट माणसाचे नाव दिले. ज्याची जागा घ्यावयाची त्याचेच नाव घेऊन ते यंत्र जगात आले.

पुढे जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली रोलँड कंपनी स्थापिली. तिचे ‘टीआर-८०८’ हे यंत्र १९८० साली निघाले आणि १९८३ साली बंद झाले; सुमारे बारा हजार नग विकले गेले. त्याच्या पुढल्या अंगाला सोळा बटणे ओळीने होती. कोणत्या घरात ठोका हवा ते बटण दाबून ठरवायचे. मग ती ओळ फिरत राही. त्याचे आवाज खऱ्या ढोलासारखे नाहीत, म्हणून अनेकांनी नाके मुरडली. त्याच सुमारास अमेरिकेतील रॉजर लिन यांनी ‘एलएम-१’ काढले. त्यात खऱ्या वाद्यांचे आवाज मुद्रित करून भरले होते, पण किंमत पाच हजार डॉलरांच्या आसपास. तेव्हा गरीब वादकांच्या वाट्याला पुढे ८०८ आले, तेही जुन्या बाजारातून. मार्विन गे हा अमेरिकन गायक १९८१ साली कर्जाने आणि व्यसनाने खचून बेल्जियममधील ऑस्टेंड या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिला होता. तेथील वास्तव्यात त्याने जे गाणे रचले आणि १९८२ साली जे जगभर गाजले, त्याच्या मुळाशी ८०८चाच ठोका आहे. मोठा वाद्यवृंद जमविण्याची स्थिती नसलेल्या माणसाला त्या यंत्राने पुन्हा उभे राहू दिले. यंत्राच्या बाजूने साक्ष द्यावयाची तर मी आधी ही देईन.

दुसरी साक्ष मुंबईची आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे वादक. १९८२ साली त्यांनी ८०८ आणि त्याच कंपनीची आणखी दोन यंत्रे समोर मांडली आणि दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका एकट्याने केली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या तरुणांनी डोक्यावर घेतली. सिंग २०१५ साली वारले. जाण्यापूर्वी त्यांना ते कौतुक पाहावयास मिळाले. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे बसून वाजविणारा एक माणूस यंत्रामुळे पुढे येऊन बसला, असेही या गोष्टीकडे पाहता येईल.

आपल्याकडे बंगळूरचे जी. राज नारायण हे अभियंते आणि बासरीवादक. त्यांच्या रॅडेल या कंपनीने इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि ‘तालमाला’ हा इलेक्ट्रॉनिक तबला घरोघर नेला. त्याचे उपकार मी मानतो. ज्या मुलीला पहाटे पाच वाजता रियाज करावयाचा आहे, जिच्या गावात तबला वाजविणारा कोणी नाही, आणि असला तरी जिच्या घरी त्या वेळी त्याला बोलावणे शोभत नाही असे म्हणतात, तिला या डबीने झपतालाच्या दहा मात्रा न कंटाळता शंभरदा मोजून दिल्या आहेत. यंत्र रागावत नाही, उसासे टाकीत नाही, चहा मागत नाही. शिकणाऱ्याला असा धीराचा सोबती मिळणे हे भाग्यच.

तेव्हा “यंत्र वाईट, माणूस चांगला” असे म्हणून मोकळे होता येत नाही. आणि माणसाचे गोडवे गाणाऱ्या रसिकांना मी एक गोष्ट विचारू इच्छितो. या साथीदाराला आपण आजवर कसे वागविले? जाहिरातीत गायकाचे नाव बोटभर अक्षरात आणि तबलजीचे मुंगीएवढ्या अक्षरात. गायकाला शाल-श्रीफळ आणि तबलजीला “तुम्हीही घ्या हो” म्हणून दिलेले फूल. बिदागीचे पाकीट गायकाच्या हाती, आणि त्यातून तबलजीला काय द्यावयाचे ते गायकाच्या मर्जीवर. कित्येक जुन्या बैठकींत तर तबलजीने काय करावे यापेक्षा काय करू नये हेच जास्त सांगितले जाई : “नुसता ठेका धरा, मध्ये हात दाखवू नका.” म्हणजे न थकणारा, न बोलणारा, स्वतःचे मत नसलेला, सांगितल्या लयीत सरळ चालणारा असा साथीदार आपण मागत होतो. तसा तो माणसात मिळणे कठीण होते. बाजारात मिळाला, तेव्हा आपण हळहळू लागलो. साथीदाराला आपण आधी यंत्र मानले. यंत्राला साथीदार मानणे ही त्याची केवळ पुढची पायरी आहे.

माझ्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे टोक येथे होते. काकांना काय सांगावे, हा प्रश्न त्याला छळत होता. कारण काका हे त्याच्या लेखी ठेक्याचे साधन नव्हते. तसे असते तर त्याला काही सांगावेच लागले नसते. मोडका कंदील टाकून नवा आणताना जुन्याला कोणी सांगत बसत नाही.

आता साथ म्हणजे नेमके काय, याविषयी शास्त्रज्ञांनीही काही मोजमाप केले आहे, आणि ते आपल्या जुन्या अनुभवाशी जुळते. होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एका व्यावसायिक तालवादकाचे ठोके तपासले. कसलेल्या हाताचेही ठोके घड्याळाच्या काट्यावर पडत नाहीत; सेकंदाच्या काही हजारांशांनी मागे-पुढे होतात. पण हे मागे-पुढे होणे वेडेवाकडे नसते. आताच्या चुकीचा धागा बऱ्याच मागच्या ठोक्यांपर्यंत पोचलेला असतो. ऐकणाऱ्यांपुढे दोन प्रकार ठेवले, एकात असे माणसासारखे फरक आणि दुसऱ्यात कसेही टाकलेले फरक. तेव्हा लोकांना माणसासारखे फरकच अधिक आवडले. पुढे २०१४ साली हेनिग यांनी दोघांना एकत्र ताल धरावयास बसविले. तेव्हा दिसले की, एकाचा ठोका दुसऱ्याच्या मागल्या सगळ्या ठोक्यांची आठवण ठेवून पडतो. एकाचे डगमगणे मिनिटे उलटली तरी दोघांच्याही चालण्यात उमटत राहते.

हे वाचले तेव्हा मला आमच्याकडच्या जुन्या जोडप्यांची चाल आठवली. आजोबांचा गुडघा दुखू लागला की आजीचे पाऊल आपोआप आखूड पडते, आणि आजोबा बरे झाले तरी काही दिवस ते आखूडच राहते. साथ म्हणजे हेच. दोघांनी मिळून एकाच इतिहासात चालणे. यंत्र मात्र तुमच्या मागल्या ठोक्याची आठवण ठेवीत नाही. त्याला चुकता येत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगतात. परंतु ज्याला चुकता येत नाही त्याला सांभाळूनही घेता येत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर चालता. ते तुमच्याबरोबर चालत नाही.

एवढे समजून ज्याला यंत्र घ्यावयाचे आहे, त्याने ते खुशाल घ्यावे. पण निवडताना ‘आवाज किती खरा?’ हा एकच प्रश्न विचारू नये. आवाज आज बहुतेक सगळ्यांचे चांगले आहेत. मोबाईलमधला तबलाही ऐकताना फसवितो. विचारण्याचे प्रश्न दुसरे आहेत, आणि त्यांची मुळे गायकाच्या स्वभावात आहेत.

पहिला प्रश्न : हे यंत्र मला थांबविता येते का? पेटी वाजविणाऱ्याचा एक हात सुरांवर आणि दुसरा भात्यावर गुंतलेला असतो. त्याला हाताने बटण शोधावे लागले की गाणे तुटते. अशाने पायाने चालू-बंद होणारे यंत्रच घ्यावे. हात मोकळे असतील तर काठ्यांनी वाजवायचे पॅड बरे. १९८५ साली निघालेला ऑक्टोपॅड आपल्या ऑर्केस्ट्रांत पुढे इतका रुळला की खेड्यातल्या पोरांनाही त्याचे नाव ठाऊक आहे. त्यात विजेचा आवाज असला तरी ठोका माणसाच्याच मनगटाचा असतो. पेन ड्राइव्हवर आयते भरून आणलेले संपूर्ण ट्रॅक मात्र मी शेवटच्या पायरीवर ठेवीन. त्यात श्रोत्यांनी “पुन्हा एकदा!” म्हटले तरी गायकाला अंतरा परत घेता येत नाही. तेथे गायकच यंत्राची साथ करीत असतो.

दुसरा प्रश्न : हे यंत्र माझ्या ताला-सुराचे आहे का? परदेशी यंत्रे बहुधा चारांच्या पाढ्यावर चालतात. सोळा घरे म्हटली की आपल्याला तीनताल आठवतो, पण तो निव्वळ योगायोग. त्यांची सोळा घरे म्हणजे बहुधा चार मात्रांचे चार-चार तुकडे. रूपकाच्या सात मात्रा हव्या असतील तर घरांची ओळ मध्येच तोडून पुन्हा पहिल्यावर आणता येते का, ते दुकानातच पाहावे. रूपकाची समच खालीवर असते, हे तर यंत्राला ठाऊकच नसते. पहिल्या घरावर तो मोठा घुमारा देऊन मोकळा होतो. इलेक्ट्रॉनिक तबल्यात हा घोटाळा नाही, आणि त्याची पट्टी आपल्या पेटीला मिळविता येते, हा मोठाच लाभ. भजनी ठेक्यात आणखी एक मौज असते : त्याला झोका लागतो. लिन यांनीच आपल्या यंत्रात वाकडे ठोके सरळ करण्याची सोय केली आणि त्यांनीच जोडीतला दुसरा ठोका किंचित मागे ओढून झोका देण्याचीही सोय केली. एकाच माणसाला दोन्हीची गरज भासली, यातच सारे आले. झोका कमी-जास्त करण्याची सोय ज्यात आहे ते यंत्र घ्यावे.

तिसरी गोष्ट अगदी साधी, तारेची. पॅडवर वाजविणार असाल तर बिनतारी ब्लूटूथ स्पीकरच्या मोहात पडू नये. त्यातून आवाज बाहेर यावयास सेकंदाचा दहावा, कधी पाचवा हिस्साही लागतो. मिनिटाला एकशे वीसची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे ठोका जवळजवळ पाव ते अर्धी मात्रा उशिरा ऐकू येणार. मनगट आणि कान यांची अशी फारकत झाली की भल्याभल्यांची लय ढासळते. साधी तार जोडली की प्रश्नच मिटतो.

चौथा प्रश्न नीतीचा : श्रोत्यांना हे दिसते का? एड शीरन हा इंग्लंडचा गायक मोठमोठ्या मैदानांतून एकटा उभा राहतो. गिटारच्या लाकडावर थाप मारतो, पायाखालचे लूप यंत्र ती तेथल्या तेथे मुद्रित करून फिरवीत ठेवते, त्यावर तो दुसरा थर चढवितो आणि मग गातो. २०१७ च्या जूनमध्ये ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात तो गायला, तेव्हा काही जणांनी आयता ट्रॅक लावल्याचा आरोप केला. हे सारे समोरासमोर घडते आहे, असा खुलासा त्याला जाहीरपणे करावा लागला. लोकांचा राग यंत्रावर नव्हता. आपल्याला फसविले गेले, या कल्पनेवर होता. म्हणून मी म्हणतो, यंत्र सतरंजीखाली दडवू नये. ते पेटीशेजारी उघडे ठेवावे, आणि सुरुवातीला सांगून टाकावे की, आज तबल्याला हे आहे. श्रोते समजूतदार असतात. जे दडवावेसे वाटते तेच बहुधा करू नये.

विद्यार्थ्याला मी इतकेच सांगितले की, यंत्र घेण्याआधी काकांकडे जा, घेतल्यानंतर नको. त्याने ऐकले. तो कागद घेऊन काकांकडेच गेला आणि म्हणाला, “काका, यातलं कुठलं बरं वाटतं ते तुम्हीच सांगा.” ते दोघे मिळून दुकानात गेले. काकांनी तासभर एकेक यंत्र कानाशी धरून ऐकले. एकाच्या डग्ग्यात घुमारा नाही म्हणून टाकले, दुसऱ्याचा दादरा लंगडतो म्हणून टाकले. शेवटी एक पसंत केले आणि घरी येऊन त्याच्या प्रत्येक गाण्याची लय कागदावर मांडून दिली. मग म्हणाले, “घे, वापर. माझ्याने आता रात्रीच्या गाड्या होत नाहीत. पण एक सांग, गाताना बघशील कुणाकडे?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या विद्यार्थ्यापाशी नव्हते. ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला : जेथे दोघांना पुरेल एवढी बिदागी मिळेल तेथे काकांना न्यावयाचे, आणि पाकीट दोघांत सारखे वाटावयाचे. पूर्वी तो त्यांना तिसरा हिस्सा देत असे. काकांचे कार्यक्रम कमी झाले, ही गोष्ट काही या नियमाने पुसली जात नाही. १९९० नंतर हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून मोठे वाद्यवृंद हळूहळू गेले, तेव्हा व्हायोलिन पोटाशी धरून बसलेल्या कितीतरी वादकांचे असेच झाले. काळ बदलतो असे म्हणणे सोपे आहे. काळ बदलताना कोणाच्या ताटातले उचलले जाते, हे पाहण्याची तसदी मात्र घेतली पाहिजे.

मला यातून जे दिसते ते असे. माणूस एकटा का गातो, यावर त्याने कोणते साहित्य घ्यावे हे ठरते. जवळ कोणी नाही म्हणून जो एकटा आहे, त्याला यंत्र हे वरदान आहे. त्याने ते निःशंक घ्यावे, वासुदेवाने घुंगरू घेतले तसे. जो पैशाच्या ओढीने एकटा झाला आहे, त्यानेही घ्यावे. पण ज्याची जागा ते घेते त्याला विसरू नये. आणि ज्याला दुसऱ्याचे ऐकावयाचे नाही, कोणी अडवू नये, कोणी लय ओढू नये, कोणी “असे नव्हे, तसे” म्हणू नये म्हणून जो एकटा होऊ पाहतो, त्याने मात्र जरा थांबावे. त्याला हवे तसे यंत्र बाजारात सहज मिळेल. ते त्याच्या प्रत्येक चुकीला निमूटपणे ठेका देत राहील, आणि हळूहळू त्याला आपण चुकतो हेच कळेनासे होईल.

हा धोका गवयांपुरता नाही. घराघरांतून आज असे निमूट सोबती पुष्कळ आले आहेत. आपण सांगू ते करणारे, आपल्याला आवडेल तेच पुढे ठेवणारे. त्यांच्या सहवासात दिवस सरळ ठेक्यात जातो. दिवाळीला मात्र घर माणसांनी भरते. कोणी उशिरा उठतो, कोणाला फराळात तिखट जास्त लागते, कोणी ऐन आंघोळीच्या वेळी जुना वाद उकरून काढतो. सगळ्यांची लय निराळी. ती सांभाळता सांभाळता घरच्या बाईची दमछाक होते, आणि चार दिवसांनी सारे आपापल्या गावी गेले की तिलाच घर सुने वाटते.

या दिवसांत कोठे गाण्याला गेलात, तर एक करा. गाणे संपून टाळ्या पडतील तेव्हा गायकाच्या उजव्या बाजूला पाहा. तेथे कोणी माणूस बसलेला असेल तर त्यालाही नावाने दाद द्या. आणि यंत्र असेल, तर त्या जागेवर पूर्वी कोण बसत असे, एवढे गायकाला विचारा.